वजनाचं ऑपरेशन झालेल्या मुलामुलींना घरानं साथ कशी द्यावी?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

या वेळी निवडलेली पत्रं एकाच विषयावरची आहेत: किशोरवयातल्या मुलामुलींवर होणारी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, म्हणजे बॅरिअॅट्रिक सर्जरी. बरीचशी आईवडिलांची आहेत, दोन मुलांनी स्वतः लिहिलेली आहेत. खाली दिलेली औषधांची प्रमाणं सर्वसाधारण आहेत. तुमच्या डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहून वेगळं प्रमाण ठरवलं असेल, तर तेच पाळा.

मुलगा १५ वर्षांचा आहे. टाइप २ मधुमेह आहे, झोपेत श्वास अडकतो. डॉक्टरांनी सर्जरीचा विचार करायला सांगितलं आहे. नातेवाईक म्हणतात, १८ पूर्ण होईपर्यंत थांबा, नाहीतर उंची खुंटेल.

शस्त्रक्रियेमुळे उंची खुंटते असा पुरावा पुढे आलेला नाही. हाडांची वाढ पूर्ण झाल्याशिवाय ऑपरेशन नको, ही जुनी अट अमेरिकेतल्या बॅरिअॅट्रिक शल्यविशारदांच्या संघटनेनं २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सोडून दिली. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअॅट्रिक्सनं २०२३ मध्ये याहून स्पष्ट सांगितलं: तीव्र लठ्ठपणा असलेल्या १३ वर्षांपुढच्या मुलांना सर्जरीच्या तपासणीसाठी पाठवण्याचा पर्याय द्यावा. तीव्र म्हणजे किती? बीएमआय (उंचीच्या मानानं वजन किती, हे सांगणारा आकडा) ३५ किंवा त्याहून जास्त आणि सोबत मधुमेह, झोपेतला श्वासाचा त्रास, रक्तदाब यांसारखा आजार. किंवा बीएमआय ४० च्या पुढे, मग आजार नसला तरी. लहान वयात हे आकडे त्या वयाच्या तक्त्यावरून मोजतात, त्यामुळे १३-१४ वर्षांच्या मुलाला याहून कमी बीएमआयही लागू पडू शकतो.

थांबण्याचेही तोटे आहेत, हे नातेवाइकांना सांगा. अमेरिकेतल्या टीन-लॅब्स या अभ्यासात बायपास (पोटाची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडण्याची सर्जरी) झालेली मुलं आणि तीच सर्जरी झालेले मोठे यांची तुलना झाली. ५ वर्षांनंतर मुलांपैकी ८६ टक्के जणांचा मधुमेह औषधांशिवाय आटोक्यात होता, मोठ्यांपैकी ५३ टक्के जणांचा. मधुमेह जितका जुना, तितका तो मागे हटायला कठीण. ऑपरेशनच्या वेळी वजन जितकं जास्त, तितकं ते शेवटी जिथे थांबतं तो आकडाही वरचा असतो.

याचा अर्थ घाई करा असा नाही. मुलाला व्यसन असेल, उपचार न झालेला गंभीर मानसिक आजार असेल किंवा नियमित औषधं घेणं त्याला सध्या शक्यच नसेल, तर आधी तो प्रश्न सोडवावा लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं: हे ऑपरेशन त्याला स्वतःला हवं आहे का? पोटाचं काय करणार आहेत, नंतर आयुष्यभर काय घ्यावं लागेल, हे तो स्वतःच्या शब्दांत सांगू शकला, तर तो तयार आहे. सगळी उत्तरं आईच देत असेल, तर थोडं थांबावं.

ऑपरेशनला तीन-चार महिने आहेत. तोवर फक्त वाट पाहायची का?

नाही. हे सरावाचे महिने आहेत. आठवड्याला एकच सवय घ्या. पहिल्या आठवड्यात जेवण २० ते ३० मिनिटं चालवायचं आणि प्रत्येक घास २०-२५ वेळा चावायचा. मग जेवताना आणि जेवणानंतर अर्धा तास पाणी न पिणं. मग गोड पेयं आणि सोडा बंद. शेवटी चघळायच्या गोळ्या आणि प्रोटीन पावडर यांची चव पाहून ठेवणं. घरी मोठा डबा आणल्यावर मुलानं ‘मला याचा वास सहन होत नाही’ म्हणणं ही नेहमीची गोष्ट आहे, म्हणून आधी छोटी पाकिटं आणा.

रक्तातलं लोह आणि ड जीवनसत्त्व आत्ताच तपासून घ्या. वजन जास्त असलेल्या मुलांत ते बऱ्याचदा ऑपरेशनच्या आधीच कमी असतं, आणि कमतरता घेऊन ऑपरेशन टेबलावर गेलेलं मूल नंतर ती भरून काढताना मागेच राहतं. झोपताना श्वासासाठी मशीन दिलं असेल, तर ते रोज लावायची सवय व्हायला हवी. सिगारेट, व्हेप काही असेल, तर किमान ६ आठवडे आधी बंद.

शेवटच्या दोन आठवड्यांत बहुतेक ठिकाणी कमी उष्मांकाचा, प्रथिनांवर भर असलेला आहार देतात. हेतू यकृत लहान करण्याचा असतो: चरबीनं फुगलेलं यकृत पोटावर पसरलेलं असलं, तर दुर्बिणीतून काम करणं अवघड जातं. ‘शेवटचं मनसोक्त खाऊन घे’ म्हणून या काळात मेजवान्या देऊ नका.

मुलीची स्लीव्ह सर्जरी होऊन तीन आठवडे झाले. दोन घास खाल्ले की उलटी होते. डॉक्टर म्हणतात हळूहळू होईल. आम्ही घाबरलो आहोत.

स्लीव्हमध्ये पोटाचा सुमारे तीन चतुर्थांश ते ८० टक्के भाग काढून टाकतात. उरते ती अरुंद नळी, आणि पहिले काही आठवडे ती सुजलेली असते. म्हणून खाण्याचे टप्पे असतात: पहिले एक-दोन दिवस पाण्यासारखे स्वच्छ द्रव, दोन आठवड्यांपर्यंत दुधासारखे दाट द्रव, चौथ्या आठवड्यापर्यंत मिक्सरमधून काढलेलं गुळगुळीत, त्यानंतर सहा ते आठ आठवड्यांपर्यंत मऊ. तुमची मुलगी तिसऱ्या आठवड्यात आहे, म्हणजे ‘घास’ हा शब्दच अजून लवकर आहे. एका वेळी चार-पाच चमचे, गुठळी नसलेलं.

उलटीची कारणं बहुधा साधी असतात: भराभर खाणं, मोठा चमचा, खाता खाता पाणी, कोरडं मांस किंवा मऊ ब्रेड (पोटात त्याचा गोळा होतो), आणि पोट भरल्याची खूण ओळखता न येणं. ही खूण पूर्वीसारखी नसते. काहींना छातीच्या मध्ये दाब जाणवतो, काहींना उचकी लागते, नाक वाहू लागतं. तुमच्या मुलीची खूण कोणती, हे तिला विचारा आणि ती जाणवली की ताटातला शेवटचा चमचाही तसाच ठेवायचा, हे घरातल्या सगळ्यांना मान्य असू द्या.

पाण्याकडे अन्नापेक्षा आधी लक्ष द्या. दिवसाला दीड ते दोन लिटर हे उद्दिष्ट असतं, आणि ते घोट घोट करूनच गाठता येतं. सुरुवातीला ३० मिलिलिटरचा औषधाचा कप दर १५ मिनिटांनी. लघवी गडद होणं, उठल्यावर चक्कर येणं म्हणजे पाणी कमी पडतंय. सर्जरीनंतर पुन्हा दवाखान्यात दाखल व्हावं लागण्याचं हे वारंवार दिसणारं कारण आहे.

प्रथिनं दिवसाला साधारण ६० ग्रॅम किंवा जास्त. एका अंड्यात ६ ग्रॅम, २०० मिली दुधात सुमारे ७, प्रोटीन पावडरच्या एका मापात २० ते २५. दूध आणि अंडी यांवर पहिल्या महिन्यात हा आकडा पुरा होत नाही, म्हणून पावडर लागते. त्यात कमीपणा मानू नका.

आता जे दुर्लक्षून चालणार नाही ते. उलट्या दोन-तीन दिवसांहून जास्त चालल्या, तर ‘हळूहळू होईल’ यावर थांबू नका. शरीरातला थायमिनचा, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वाचा साठा दोन-तीन आठवड्यांत संपतो. तो संपला की पाय लटपटतात, एकाच्या दोन वस्तू दिसतात, बोलण्यात गोंधळ होतो, आणि उशीर झाला तर मेंदूचं कायमचं नुकसान होऊ शकतं. दवाखान्यात ग्लुकोजचं सलाइन लावणार असतील, तर त्याआधी थायमिन द्यायला हवं. थायमिन नसताना नुसतं ग्लुकोज मिळालं, तर परिस्थिती बिघडते. हे वाक्य कागदावर लिहून जवळ ठेवा आणि तातडीच्या विभागात स्वतःहून सांगा. ताप, मिनिटाला १२० च्या वर नाडी, डाव्या खांद्यात दुखणं, धाप किंवा पोटात वाढत जाणारं दुखणं असेल, तर सकाळची वाट पाहू नका. टाक्यांच्या जागेतून गळती झाल्याची ही लक्षणं असू शकतात.

बायपासला आठ महिने झाले. मुलगा उत्साही आहे, खेळतो, ३५ किलो उतरलं. गोळ्या मात्र सोडल्या. म्हणतो, मला काहीच होत नाही.

आम्हाला सर्वाधिक काळजी याच पत्राची वाटली. सगळं छान दिसत असतं तेव्हाच साठे रिकामे होत असतात. टीन-लॅब्समध्ये ३ वर्षांनी निम्म्याहून जास्त मुलांत, म्हणजे ५७ टक्के जणांत, लोहाचा साठा कमी झालेला आढळला. ब-१२ चा साठा यकृतात बराच काळ पुरतो. म्हणूनच कमतरता उशिरा कळते, आणि तोवर बोटांना मुंग्या येऊ लागलेल्या असतात. हाडांचं तर त्याहून वाईट: हाडांत कॅल्शियम भरण्याचं वय हेच, आणि या वयात राहिलेली कसर पुढे भरून निघत नाही.

रोजचं साधारण प्रमाण असं: थायमिन आणि खनिजं असलेलं पूर्ण मल्टिव्हिटॅमिन, ब-१२ तोंडावाटे ३५० ते १००० मायक्रोग्रॅम, किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, कॅल्शियम १२०० ते १५०० मिलिग्रॅम, ड-३ सुमारे ३००० युनिट, रक्तातली पातळी पाहून कमी-जास्त. लोह मुलांना किमान १८ मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या मुलींना आणि बायपास झालेल्यांना ४५ ते ६०.

चुका बहुधा वेळापत्रकात होतात. कॅल्शियम आणि लोह एकत्र घेतलं, तर लोह शोषलं जात नाही. दोन्हींत किमान २ तासांचं अंतर हवं. कॅल्शियम एका वेळी ५०० ते ६०० मिलिग्रॅमहून जास्त शोषलं जात नाही, म्हणून दोन-तीन वेळा विभागून. बायपासनंतर पोटात आम्ल कमी असतं, तेव्हा कॅल्शियम सायट्रेट घ्या. कार्बोनेटला आम्ल लागतं. डब्यावरचा आकडा नीट वाचा: १००० मिलिग्रॅम कॅल्शियम सायट्रेटमध्ये प्रत्यक्ष कॅल्शियम जेमतेम २१० असतं. मुलांना आवडणाऱ्या गमी गोळ्यांत बहुधा लोह नसतंच, त्यांवर विसंबू नका.

शाळकरी मुलाला झेपेल असा क्रम: सकाळी खाल्ल्यावर मल्टिव्हिटॅमिन आणि ब-१२. शाळेतून आल्यावर कॅल्शियम. रात्रीच्या जेवणाबरोबर पुन्हा कॅल्शियम. झोपताना लोह, चहा-कॉफी-दुधाशिवाय. दुपारची शाळेतली गोळी मुद्दाम टाळली आहे, कारण मित्रांसमोर गोळी काढायची नसते म्हणूनच ती पहिली सुटते. आठवड्याचा कप्प्यांचा डबा मुलानं स्वतः रविवारी भरायचा, तुम्ही बुधवारी एकदा नजर टाकायची. रोज ‘घेतलीस का?’ विचारू नका. आणि सोडण्यामागचं कारण विचारा: लोहानं मळमळ होते, बद्धकोष्ठ होतं, की गोळी गिळताना अडकते? प्रत्येकावर वेगळा उपाय आहे, पण तो कारण कळल्यावरच. आठ महिने झालेत, म्हणजे या आठवड्यातच रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन, ब-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम, पॅराथायरॉइड हार्मोन.

मी १७ वर्षांची आहे. चार महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं. केस मुठीनं गळतात. मैत्रिणी बाहेर खायला बोलावतात तेव्हा मी काहीतरी कारण सांगते.

केस परत येतील. वजन झपाट्यानं उतरलं की शरीर बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत ढकलतं आणि ते तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात गळतात. मुळं शाबूत असतात. प्रथिनं पुरी घे, लोह आणि झिंक तपासून घे. बायोटिनच्या मोठ्या डोसच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नकोस: कमतरता नसेल तर त्यांचा उपयोग नाही, शिवाय थायरॉइडसारख्या तपासण्यांचे आकडे त्यांनी चुकतात. वर्षभरानंतरही गळणं थांबलं नाही, तर डॉक्टरांना दाखव.

मैत्रिणींकडे जा. खाणं थोडं झालं म्हणून भेटणं कशाला थोडं व्हावं? निघण्याआधी घरी प्रथिनांचं काहीतरी खा, म्हणजे भुकेनं घाईघाईत घास जाणार नाही. तिथे स्वतःसाठी छोटं काहीतरी आधी मागव आणि सावकाश खा. कुणी विचारलं तर ‘माझं पोट भरलं’ एवढं पुरे. ऑपरेशनबद्दल कुणाला सांगायचं, हे फक्त तू ठरवायचंस. गोड पेय आणि आइस्क्रीम एकदम घेतलंस, तर १० ते ३० मिनिटांत घाम, धडधड, पोटात कळ, जुलाब होऊ शकतात, विशेषतः बायपास झालं असेल तर. याला डम्पिंग म्हणतात. एक ते तीन तासांनी थरथर आणि अशक्तपणा आला, तर साखर खाली गेलेली असू शकते. हे पुन्हा पुन्हा होत असेल, तर काय खाल्लं होतंस ते लिहून डॉक्टरांना दाखव.

वय १८, बायपास झालं आहे. पार्टीत थोडी दारू चालेल का? डोकं दुखलं तर कोणती गोळी घ्यायची?

दारू नको. बायपासनंतर ती काही मिनिटांत रक्तात चढते, पूर्वीपेक्षा जास्त चढते आणि उतरायला वेळ लागतो. सोबत साखरही घसरू शकते. बेशुद्ध पडलेल्या मुलाला मित्र ‘चढलीय त्याला’ म्हणून झोपवून ठेवतात, हा खरा धोका. व्यसन लागण्याची शक्यताही या ऑपरेशननंतर वाढते. सिगारेट आणि व्हेपनं पोट आणि आतडं जोडलेल्या जागी अल्सर, म्हणजे व्रण, होतो. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अॅस्पिरिन यांनीही तोच होतो, म्हणून डोकेदुखीला पॅरासिटामॉल, पाकिटावरच्या प्रमाणात.

मुलीची पाळी वर्षानुवर्षं अनियमित होती. ऑपरेशननंतर नियमित झाली. हे चांगलंच ना?

चांगलंच. पण बीजनिर्मिती सुरू झाली, म्हणजे गर्भधारणेची शक्यताही वाढली, आणि पहिले १२ ते १८ महिने ती टाळायलाच हवी. वजन उतरत असताना बाळाच्या पोषणाला काही उरत नाही. बायपासनंतर किंवा उलट्या होत असताना तोंडावाटे घ्यायच्या गर्भनिरोधक गोळ्यांचा भरवसा नसतो; गर्भाशयात बसवायचं साधन किंवा दंडात बसवायचं इम्प्लांट पचनावर अवलंबून नसतं. मुलीला डॉक्टरांशी एकटीनं बोलू द्या. तुम्ही खोलीत असताना ती खरं सांगेलच असं नाही. रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही कळवा, लोहाचं प्रमाण त्यावरून ठरतं.

मी मुलाच्या ताटावर लक्ष ठेवते, खाऊ कुलपात ठेवते, रोज वजन घेते. तरी तो चिडतो आणि चोरून खातो. माझं काय चुकतंय?

काळजी बरोबर आहे, पद्धत उलटी पडते आहे. पहारा असला की खाणं लपून होतं, आणि लपून खाणारा नेहमी भराभर खातो. या ऑपरेशननंतर तेच सर्वांत वाईट.

वाटणी अशी करा: घरात काय आणायचं आणि जेवणाची वेळ काय, हे तुम्ही ठरवा. त्यातलं किती खायचं, हे तो ठरवेल. गोड पेयं आणायचीच नाहीत, कुणासाठीच नाहीत. धाकट्या भावंडाच्या खोलीत ठेवलेली बाटली म्हणजे मोठ्याला रोज दिलेली शिक्षा. सगळ्यांनी एकत्र, टीव्ही-मोबाइल बंद करून, लहान ताटांत जेवा. वजन आठवड्यातून एकदाच घ्या, तेही त्याची हरकत नसेल तर. नाहीतर फक्त तपासणीच्या वेळी.

शब्दही बदला. ‘एवढंच खाल्लंस?’ आणि ‘अजून खातोयस?’ ही दोन्ही वाक्यं घरातून हद्दपार करा. ‘किती बारीक झालास, छान दिसतोस’ हेसुद्धा जपून: उद्या दोन किलो वाढले की तो स्वतःला छान मानणार नाही. त्याऐवजी तो काय करू शकला, ते बोला.

चोरून खाणं आठवड्यातून अनेकदा होत असेल, खाताना ताबाच सुटतो असं तो म्हणत असेल किंवा मुद्दाम उलटी काढत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांची मदत घ्या. वजन उतरलं म्हणजे मन आपोआप हलकं होतं असं नाही. काही मुलं पहिल्या वर्षानंतर जास्त उदास होतात, कारण सगळं बदलेल असं त्यांना वाटलेलं असतं. जगावंसं वाटत नाही असं काही त्याच्या बोलण्यात आलं, तर थेट विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. विचारलं नाही, तर मूल एकटं पडतं. होकार आला, तर त्याला एकटं न सोडता त्याच दिवशी मदत घ्या. नैराश्याच्या गोळ्या आधीपासून चालू असतील, तर बायपासनंतर त्यांचं शोषण बदलू शकतं, विशेषतः सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचं. त्या लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ऑपरेशनची कल्पना द्या.

व्यायाम कधी सुरू करावा?

चालणं ऑपरेशनच्या दिवसापासूनच. जड उचलणं आणि पोटाचे व्यायाम ४ ते ६ आठवडे नाहीत, जखमा पूर्ण भरेपर्यंत पोहणं नाही. सुरुवात १०-१० मिनिटांच्या तीन फेऱ्यांनी. हळूहळू दिवसाला ६० मिनिटांपर्यंत. आठवड्यातून तीन दिवस स्नायूंना ताण देणारे व्यायाम हवेतच, नाहीतर उतरलेल्या वजनात चरबीसोबत बराच स्नायूही जातो. शाळेच्या क्रीडाशिक्षकांना डॉक्टरांची चिठ्ठी द्या, म्हणजे वर्गासमोर कारणं द्यावी लागत नाहीत. झोप ८ ते १० तास.

दीड वर्षानंतर वजन थांबलं आणि आता चार किलो वाढलं. पोट पुन्हा मोठं झालं का? मुलगी पुढच्या महिन्यात शिकायला दुसऱ्या गावी जाते आहे.

वजन साधारण १२ ते १८ महिन्यांत तळ गाठतं आणि नंतर थोडं वर येतं. टीन-लॅब्सच्या मुलांचा बीएमआय १० वर्षांनीही सुरुवातीपेक्षा सरासरी २० टक्के कमी होता, पण मधली चढ-उतार बहुतेकांनी पाहिली. पोट ताणलं गेलं हे कारण क्वचित. बहुधा दिवसभर थोडं थोडं चरणं, पातळ गोड उष्मांक, जेवताना पुन्हा सुरू झालेलं पाणी आणि अपुरी झोप. आठवडाभर खाण्याच्या वेळा लिहायला सांगा, प्रमाणं नको. वेळांवरूनच कळेल. वाढ चालूच राहिली, तर लवकर दाखवा. आता १२ वर्षांपुढच्या मुलांना देता येतील अशी वजनाची इंजेक्शनंही आहेत, आणि काही जणांना सर्जरीनंतर त्यांची जोड देतात.

दूर जाणाऱ्या मुलांच्या तपासण्या तिथेच तुटतात. जाण्याआधी तिची फाइल तिच्या हातात द्या आणि फोनमध्येही ठेवायला सांगा: कोणतं ऑपरेशन, कोणत्या तारखेला, शस्त्रक्रियेचा अहवाल, शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, चालू गोळ्या. वर ठळक अक्षरांत दोन ओळी: आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या नकोत, उलट्या होत असतील तर ग्लुकोजआधी थायमिन. वर्षातून एकदा रक्त तपासायचं, त्याची पुढची तारीख तिनं स्वतः फोन करून, निघण्यापूर्वी घ्यायची.